दोन टोले, थांबून एक

खरं सांगायचं तर या सदरातले अनुभव मी जेवताना वाचतो. तोंडी लावायला. पांढरी साडी, उलटे पाय, मागे वळून पाहिलं तर कोणीच नाही… आणि माझी भाकरी मजेत संपते. मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये आहे. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं, उगवलं तर पास, नाही उगवलं तर फेल. असा माणूस भुताखेतांवर काय विश्वास ठेवणार? उलट मीच एकदा मेव्हण्याला घाबरवायला चादर पांघरून त्याच्या अंगणात उभा राहिलो होतो. मेव्हणा घाबरला नाही. त्याचा कुत्रा घाबरला. घाबरलेलं कुत्रं काय करतं हे मला इंजेक्शनं देणाऱ्या नर्सला विचारा.

तर असा मी, आज इथे लिहायला बसलोय. हसा, माझी हरकत नाही.

आमची शर्वरी – शरू – आठ वर्षांची आहे. घरात तिची कॅसेट बंद होत नाही, पण परकं माणूस समोर आलं की तोंडातून अक्षर निघत नाही. नुसती बघत राहते. शाळेत तिला बोलतं करण्यासाठी रोज उभं करायला लागले, तेव्हापासून ती सकाळी उलट्या करायला लागली. शेवटी ज्योतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिला शाळेतून काढलं आणि आम्ही घरीच शिकवायला लागलो. "एक वर्ष बघू," ज्योती म्हणाली, "पण ती नुसती घरात कोंडून राहिली तर परत शाळेत टाकायची, कबूल?" मी कबूल म्हणालो. बायकोला मी नेहमी आधी कबूल म्हणतो आणि मग विचार करतो.

जालन्यात अशी आणखी दोन-तीन घरं सापडली. त्यात साळवेताई होत्या. बारा गावच्या शाळांत शिकवून झालेल्या, आता स्वतःच्या दोन पोरांना घरी शिकवणाऱ्या. त्यांच्याच डोक्यातून निघालं की दर रविवारी मुलांना रानात न्यायचं. फळा नाही, पुस्तक नाही, दिवसभर झाडं, माती, किडे. जागा माझ्या मामांची. जाफराबादच्या पुढे त्यांच्या शेताला लागून टेकडीचा उतार आहे, नांगर चालत नाही म्हणून तसाच राहिलेला. पळस, हिवर, सीताफळं, खाली ओढ्याकाठी मोठी कडुनिंबं. आम्ही त्याला 'वर्ग' म्हणायचो. मामा त्याला 'तुमचा तमाशा' म्हणायचे.

"आरं संजू," मामा पहिल्याच दिवशी म्हणाले, "आम्ही ह्या रानातून सुटावं म्हणून शाळेत गेल्तो. अन् तू शाळेतून काढून पोरीला रानात आणून राह्यला? बराबर हाय का डोकं?"

"मामा, ही नवीन पद्धत आहे."

"मंग मी लहानपणी लई नवीन पद्धतीनं शिकलो म्हणायचं!"

पण यायचे मात्र दर रविवारी. येताना मुलांसाठी भाजलेल्या शेंगा आणायचे, आणि शरूला काही विचारायचे नाहीत. तिच्या हातावर शेंगा ठेवायचे आणि आपलं तोंड दुसरीकडे वळवायचे.

आता आमचे दोन नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

पहिला, ओढणी. ज्योतीची जुनी लालभडक ओढणी आम्ही एका पळसाला बांधायचो. ते झाड म्हणजे घर. मुलांनी हिंडावं, पण वाट चुकली तर ओढणीपाशी येऊन थांबावं. "काहीही झालं तरी ओढणी जागची हलणार नाही," हे वाक्य मुलांपुढे छाती काढून कोण बोललं होतं? मीच.

दुसरा, हाक. मधूनमधून आम्ही मोठ्यांनी ओरडायचं, "कोण कुठं?" आणि प्रत्येक मुलानं आपापल्या ठरलेल्या आवाजात उत्तर द्यायचं. साळवेताईंची मुलगी मोरासारखी ओरडायची, मुलगा एसटीचा हॉर्न काढायचा. शरू अर्थातच ओरडायची नाही. साळवेताईंनी तिला दोन गुळगुळीत दगड दिले. टक-टक… जरा थांबून… टक. ती तिची हजेरी.

मला ते काही पटलं नव्हतं. तोंड दिलंय देवानं, दगड कशाला? तिनं दगड वाजवले की मी मुद्दाम ओरडायचो, "शरू, ऐकू नाही आलं बुवा!" वाटायचं, चिडून तरी ओरडेल. ती चिडायची नाही. पुन्हा वाजवायची. टक-टक… टक.

तो रविवार दिवाळीनंतरचा. आजूबाजूच्या शेतांत कापूस वेचणी चालू होती, ऊन चांगलंच होतं. मुलांना काम दिलं होतं – कुणीतरी बांधलेली वस्तू शोधून आणा. माणसानं नाही, दुसऱ्या कुणीतरी. मुलं पांगली. ज्योती आणि साळवेताई ओढ्याकडे गेल्या. पळसाखाली जेवणाचं सामान राखायला राहिलो मी.

दुपारी पळसाची सावली सरकली. म्हणून मी सरकलो. माझ्यामागून चटई सरकली, चटईमागून डबे. सरकत सरकत मी खाली ओढ्याजवळच्या कडुनिंबाखाली पोचलो. काय गारवा होता! मग डोक्यात आलं की सामान इथे आणि ओढणी तिथे, मुलांचा गोंधळ होईल… म्हणून मी वर गेलो, ओढणी सोडली आणि खाली आणून कडुनिंबाला बांधली. वर स्वतःवर खूशही झालो, की काय व्यवस्थित माणूस आहे मी! आणि आडवा झालो.

ज्योती आणि साळवेताई परत आल्या तेव्हा जागा झालो. बाकीची मुलं एकमेकांच्या आवाजाच्या अंदाजानं येऊन डब्यांवर बसली होती. ज्योतीनं हाक दिली, "कोण कुठं?" समोरच बसून मोर ओरडला, एसटी वाजली.

दगड वाजले नाहीत.

"शरूऽऽ! कोण कुठं?"

काही नाही. ज्योतीची नजर ओढणीवर गेली, मग वरच्या पळसावर, मग माझ्यावर.

"अहो, ओढणी तुम्ही हलवली?"

मी तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. तेव्हा कळलं मला की शरूला शाळेत काय होत असेल.

ती पळसापाशी आली असणार. नियमाप्रमाणं. आणि तिथे ना ओढणी, ना माणूस. आम्ही पळत वर गेलो. पळसाखाली तिचे दोन गुळगुळीत दगड नीट शेजारी-शेजारी ठेवलेले होते. ती तिथे बसून वाट बघून गेली होती. ज्योतीनं ते दगड उचलून छातीशी धरले. मी तिच्याकडे बघितलं नाही.

तेवढ्यात मामा आले. त्यांनी ऐकलं आणि हातातली शेंगांची पिशवीच टाकली. "टेकाडापल्याड तर न्हाई ना गेली? तिथं मुरमाची जुनी खदान हाय रे! पाणी भरलंय, गवतानं काठ दिसत न्हाई!"

ती खदान मला माहीत होती. आम्ही त्या बाजूला मुलांना जाऊच देत नव्हतो. म्हणजे, ओढणी जागेवर असती तर त्या बाजूला जायचं कारणच नव्हतं. मी टेकाडाकडे धावत सुटणार, तेवढ्यात ज्योती जिवाच्या आकांतानं ओरडली, "कोण कुठंऽऽ?"

आणि उत्तर आलं.

टक-टक… टक.

स्पष्ट. पण टेकाडाकडून नाही. डावीकडून, हिवराच्या दाट झुडपांच्या मागून.

"तिकडं हाय!" मामा ओरडले. आम्ही चौघं – मी, ज्योती, मामा आणि साळवेताईसुद्धा – त्या दिशेनं घुसलो. काटे लागत होते, शर्ट फाटत होता. दर थोड्या वेळानं ज्योती हाक मारायची, आणि हाक संपली की उत्तर यायचं. त्याच लयीत. दोन टोले, थांबून एक. हाक मारली नाही तर शांत. झुडपांतून बाहेर पडलो तर छोटीशी मोकळी जागा, स्वयंपाकघराएवढी, आणि समोरच्या बाजूनं शरू चालत येत होती. सावकाश, खाली बघत, कारण तिच्या ओंजळीत सुगरणीचं एक पडलेलं घरटं होतं. जराही मोडू नये म्हणून तिनं ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

ज्योतीनं तिला मिठी मारली तरी ती म्हणत होती, "आई, दाबू नको, मोडेल!"

"कुठे गेली होतीस गं?"

"पळसावर ओढणीच नव्हती! मग तुम्हाला शोधायला गेले. तिकडे पाणी आहे ना, त्याच्यावरच्या बाभळीला खूप घरटी लटकलीयेत. हे काठाला पडलं होतं. अजून एक, याच्यापेक्षा छान, पाण्याच्या अगदी जवळ पडलंय, ते घ्यायला खाली उतरत होते… तर दगड वाजले. म्हणून परत फिरले." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, किती वेळ वाजवत होता! हात नाही दुखला?"

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिचे दगड ज्योतीच्या मुठीत होते.

"आमच्या हाका नाही ऐकू आल्या?" साळवेताईंनी विचारलं.

"नाही. नुसते दगड. इकडून," आणि तिनं मान हलवून दाखवली ती आम्ही उभे होतो तीच मोकळी जागा.

आम्हाला आवाज यायचा तो समोरून. तिला यायचा तोही समोरून. म्हणजे मध्ये… पण मध्ये काय होतं? काळी माती आणि वाळलेलं गवत.

साळवेताई एकदम रडायला लागल्या. मला वाटलं भीतीनं. त्या म्हणाल्या, "दादा, ती माझ्याशी बोलली!" आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मामांनी घसा साफ केला. "मंग… वाजवत कोन होतं?"

मी शरूकडे बघितलं. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू जन्मात पहिल्यांदाच बापानं काहीतरी बरोबर केलंय. आणि मी, लोकहो, म्हणालो, "हात थोडा दुखला गं. पण चालतं."

रात्री तिला झोपवल्यावर ज्योती एवढंच म्हणाली, "निदान खोटं तरी नीट पचवा आता."

प्रतिसादात कुणीतरी तांबट पक्षी म्हणणार, म्हणून आधीच सांगतो. तो टुक-टुक करतो हे मलाही माहीत आहे. पण तो लय धरून, हाक संपायची वाट बघून उत्तर देत नाही. प्रतिध्वनी म्हणाल, तर कशाचा? दगड कुणी वाजवलेच नव्हते. कापूस वेचणाऱ्या बाया दुसऱ्या अंगाला होत्या, मामांनी जाऊन विचारलं, त्यांनी फक्त ज्योतीचं ओरडणं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी मामांनी खदानीभोवती काट्यांचं कुंपण घातलं आणि मला त्या मोकळ्या जागेत घेऊन गेले. आम्ही दोघं गुडघ्यावर बसून शोधलं. वाजवण्याजोगा एक दगड तिथे नव्हता. मी विचारलं, "मामा, इथलं काही जुनं… कुणी सांगतं का?" मामा म्हणाले, "साठ वर्सं झाले, मला तर कोनीच काही सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं." उठताना मात्र त्यांनी मूठभर शेंगा तिथे गवतावर ठेवल्या. मी बघितलं नाही असं दाखवलं.

लॅबमध्ये मी पास लिहितो किंवा फेल. इथे काय लिहू, मला अजून कळलेलं नाही.

रविवार चालू आहेत. ओढणी आता पळसाला खिळ्यानं ठोकलीय आणि मला तिच्याजवळ जायची बंदी आहे. माझ्या पँटच्या खिशात दोन दगड असतात, खिसे फाटतात, ज्योती शिवते आणि बोलते. 'कोण कुठं' झालं की आता आधी मी वाजवतो. कधीकधी मुद्दाम दोनच टोले देतो, तिसरा देत नाही, आणि हिवराच्या दिशेनं कान लावून थांबतो.

तिकडून अजून काही आलेलं नाही. पण पळसापलीकडून, सगळ्या रानाला ऐकू जाईल अशी आरोळी येते –

"बाबाऽऽ, एक राहिलाऽऽ!"