जिथं कुणालाच राग येत नाही

मी कोल्हापूर सोडलं त्या संध्याकाळी संग्राम मैदानावरून थेट बसपाशी आला. अंगात पेठेचा शर्ट, पोटऱ्यांवर वाळलेली माती आणि पायांत बुटांऐवजी कुणाची तरी मोठी चप्पल. त्यांनी मॅच जिंकली होती. पेठेत मिरवणूक निघाली असणार, आणि हा गडी ती सोडून मुंबईच्या लक्झरीच्या डिकीत माझ्या बॅगा कोंबत होता. आई सारखी विचारत होती, चटणीचा डबा नीट बांधलास ना. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, जन्मभर बदल्या सोसलेले. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. तिकडं जाऊन इकडचं रडगाणं गाऊ नकोस." संग्रामनं ते ऐकलं. बस हलायला लागली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाला, "जा मर्दा. पर दुसऱ्याच्या पेठेचा होऊ नकोस."

मला ती चेष्टा वाटली. मी हसून हात हलवला.

आमची ओळख विद्यापीठाच्या फुटबॉल संघातली. तो आर्ट्सला, मी इंजिनिअरिंगला. तो पुढं खेळायचा, मी बचावात. म्हणजे गोल त्याचे आणि शिव्या माझ्या, अशी वाटणी होती. आंतरविद्यापीठ स्पर्धेत त्यानं असे काही गोल मारले की दुसऱ्या विद्यापीठांचे प्रशिक्षकही त्याचं नाव विचारून गेले. त्या वर्षाच्या फोटोत आम्ही सगळे छाती फुगवून उभे आहोत, प्रत्येकाला वाटतंय की आता आपलंच बोलावणं येणार. त्यातला गोलकीपर खेळाच्या कोट्यातून पोलिसात गेला आणि आता त्याच मैदानावर बंदोबस्ताला उभा असतो. एकानं नकली गवताचं टर्फ काढलं, कंपनीतून सुटलेल्या लोकांना तासावर भाड्यानं देतो. बाकीचे नोकरीधंद्याला लागले, पोटं सुटली. खरंखुरं बोलावणं एकट्या संग्रामला आलं, गोव्याच्या एका व्यावसायिक क्लबकडून. त्या दिवशी त्याच्या वडिलांनी सायकलचं दुकान बंद ठेवून गल्लीभर पेढे वाटले.

गोव्यात तो बहुतेक वेळ बाकावर बसला. तिथं परदेशातून आणलेले फॉरवर्ड होते, त्यांच्यापैकी कुणाला दुखापत झाली तर शेवटची काही मिनिटं याला मिळायची. फोनवर म्हणायचा, सराव लई भारी हाय इथला. मॅचबद्दल विचारलं की जेवणावर यायचा. मग गुडघा दुखावला, आणि गुडघा बरा होतोय तोवर क्लबच गुंडाळला गेला. कॉलेजात ज्याच्यामागं प्रशिक्षक फिरायचे, तो ऐन पंचविशीत वळकटी घेऊन परत आला. पेठेनं त्याला एक प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी शर्ट दिला आणि मैदानावर नेलं.

ज्यांनी कोल्हापूरचा फुटबॉल पाहिला नाही, त्यांना हे सांगावं लागतं. आमच्याकडं पेठेच्या तालमीचा संघ असतो, आणि पोरगं ज्या पेठेत जन्मलं तिथंच खेळतं. गोव्याला जाणं ही नोकरी झाली, तिचं कुणाला वावडं नाही. पण त्याच गावात राहून समोरच्याचा शर्ट घातला की माणूस 'फुटला'. संग्रामचा एक चुलतचुलता असाच फुटला होता. तेव्हापासून संग्रामच्या वडिलांनी त्याच्याशी रामराम बंद केला, मधे फक्त एक भिंत असताना. तो वारला तेव्हा मात्र खांदा द्यायला तेच सगळ्यात पुढं होते, आणि तिरडी उचलतानाही त्याला शिव्या घालत होते. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. कॉलेजात संग्राम हे सांगायचा आणि आम्ही हसायचो.

मी ख्राइस्टचर्चला आलो तेव्हा भूकंपानंतर शहर पुन्हा बांधणं अजून चालू होतं. माझ्यासारख्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला काम भरपूर होतं. जिथं इमारती होत्या तिथं खडी टाकलेले पार्किंग लॉट, आणि जुन्या लोकांना विचारलं की तेही क्षणभर आठवायला थांबायचे, इथं काय होतं बरं. मला ते बरं वाटायचं. इथं सगळेच नव्यानं बस्तान बसवत होते. बाबांचं वाक्य मी मनावर घेतलं. जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, दूध आणायला शिकलो, खोली गरम करणाऱ्या हीट पंपाशिवाय झोप येईनाशी झाली, आणि शनिवारी आमच्या सबर्बच्या क्लबकडून सगळ्यात खालच्या डिव्हिजनमधे खेळायला लागलो. आमचा कॅप्टन विरेमू, इथला मूळचा माओरी, धंद्यानं प्लंबर. पहिल्या दिवशी "किया ओरा, ब्रो" असा त्यांच्या भाषेत रामराम घालून त्यानं शर्ट अंगावर फेकला आणि माझं नाव थेट सोमवारी विचारलं.

तीन वर्षांमागं मी संग्रामला बोलावून घेतलं. कोल्हापूरचा सीझन संपतो तेव्हा इथला हिवाळ्यातला सीझन ऐन भरात असतो. वडील गेल्यावर सायकलचं दुकान बंद पडलं होतं, एकतिशी उलटली होती, आणि खेळ सोडला तर त्याच्या हातात काही नव्हतं. मुग्धा, माझी बायको, पुण्याची, सरळ बोलणारी. ती म्हणाली, येऊ दे त्याला, पण उगाच स्वप्नं दाखवू नकोस. मी दाखवली. इथले मोठे क्लब चांगल्या खेळाडूला मुलांच्या कोचिंगची नोकरी देतात, वर्क व्हिसाचे कागदही करतात, हे मला माहीत होतं.

तो आला आणि आमच्या घरात कोल्हापूर आलं. आमची लेक ईरा तेव्हा पाच वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमधे. ती महिन्याभरात शाळेत पोरांना "मर्दा" म्हणायला लागली. संग्रामला आमच्या क्लबचा शर्ट मिळाला, आणि दव गोठलेल्या मैदानावर त्याचा श्वास वाफेसारखा निघत असताना तो असा पळाला की मला कॉलेजातला संग्राम दिसला. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या क्लबबरोबर आमची फ्रेंडली मॅच होती. यानं त्यांना दोन गोल मारले. मॅच संपल्यावर त्यांचा कोच आमच्या क्लबरूममधे आला, सॉसेज खाता खाता बोलला आणि सगळं समोर मांडलं. आठवडाभर मुलांना शिकवायचं, शनिवारी त्यांच्या पहिल्या संघात खेळायचं, व्हिसाचं ते बघतील.

विरेमू सगळ्यांत जास्त खूश झाला. "गो फॉर इट, ब्रो, स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास, म्हणून त्यानं संग्रामला मिठी मारली आणि सगळ्यांना बिअर पाजली. सोमवारी तुला मीच माझ्या व्हॅनमधून तिकडं सोडतो, म्हणाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. संग्राम सगळ्यांकडं एकेक करून बघत होता. त्याला तोंडात मारल्यासारखं का झालंय हे मला कळेना.

घरी आल्यावर त्यानं बूट धुतले, वर्तमानपत्रावर पालथे ठेवले आणि नाही म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला नको नको ते बोललो. अरे, ही पेठ नाही, हा शनिवारचा टाइमपास आहे, इथं पोरं दर वर्षी क्लब बदलतात. हाताशी आलेला घास तू एका शर्टापायी टाकतोस? त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शर्टाचं न्हाई रे. मी जाणार म्हटल्यावर टाळ्या वाजवल्या. एकाला तरी राग यायला पायजे का नको?"

मी म्हटलं, ते चांगले लोक आहेत म्हणून.

"चांगलेच हायत. पर मी गेल्यावर कुणाला राग येणार नसंल, तर मी हितं होतो कुठं?"

मुग्धानं ओट्यावरून वळून माझ्याकडं पाहिलं आणि त्याचं ताट वाढलं.

तो ऑगस्टमधे परत गेला. आमच्याच क्लबच्या शर्टात उरलेल्या सगळ्या मॅच खेळून, आणि तरीही आम्ही डिव्हिजनमधे तळाशीच. मोठ्या क्लबनं तोवर दुसरा कुणी घेतला. या वेळी विमानतळावर त्याच्या बॅगा मी ढकलत होतो. पुढच्या सीझनला दुसऱ्याच मॅचमधे त्याचा तोच गुडघा गेला, कायमचा. आता तो मैदानाच्या कडेला बसून पेठेच्या पोरांवर ओरडतो. मित्राच्या टर्फवर लहान मुलांना शिकवतो. इथं राहिला असता तर तेच काम घर, गाडी आणि चांगल्या डॉक्टरसकट केलं असतं. हा हिशेब मी त्याच्यापुढं कधी मांडला नाही, पण मनात तो चालूच असतो.

तुमच्यापैकी जे आमच्यासारखे बाहेर पडले, त्यांना पुढचं ठाऊक आहे. मागच्या शरद ऋतूत, म्हणजे तुमच्याकडं उन्हाळा असताना, आम्ही इथलं नागरिकत्व घेतलं. कौन्सिलच्या हॉलमधे शपथ झाली, ईरानं न चुकता राष्ट्रगीत म्हटलं, आधी माओरीत, मग इंग्लिशमधे. भारताचा पासपोर्ट परत करायचा होता. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, छान झालं, ज्याची खावी पोळी. पुण्याहून मुग्धाच्या माहेरचे अभिनंदनाचे मेसेज आले. कॉलेजच्या ग्रुपवर पोरांनी अंगठे दाखवले, गोलकीपरनं केकचं चित्र टाकलं. सगळे किती चांगले वागले. त्या हॉलमधून बाहेर पडताना मला आमच्या क्लबरूममधल्या टाळ्या आठवल्या, आणि इतकं ओकंबोकं वाटलं की मी गाडीत बराच वेळ नुसता बसून राहिलो.

संग्रामला मी फोन करून सांगितलं. पलीकडं टर्फवरच्या पोरांचा गलका ऐकू येत होता. त्यानं ओरडून पोरांना गप्प केलं. मग म्हणाला, "फुटलास," आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यानं माझा फोन उचललेला नाही. मेसेज वाचतो, उत्तर देत नाही. आई सांगते, मंडईत भेटला तर पाया पडतो, बाबांच्या तब्येतीची विचारपूस करतो, माझं नाव निघालं की पिशवी उचलून चालू लागतो. मला वाईट वाटतं, रोज वाटतं. तरी मी दर रविवारी त्याला मेसेज करतो. आमची मॅच कशी झाली, विरेमू कसा आहे, ईरा अजून कुणाकुणाला मर्दा म्हणते. त्या सगळ्या गावात माझ्या जाण्याचा राग त्यानं एकट्यानं धरून ठेवलाय, आणि माझं तिथं जे काही घर उरलंय ते तेवढंच आहे. मला भीती वाटते ती एकाच गोष्टीची. एखाद्या रविवारी त्याचं उत्तर येईल आणि त्यात लिहिलेलं असेल, अभिनंदन भावा.