लाल बादलीतला पचमढीवाला

आमच्या कुमुदवहिनीले रायपूरचा अख्खा तात्यापारा दोन गोष्टींसाठी ओळखतो. एक तिची जीभ आणि दुसरा तिचा पचमढीवाला. जिभेचा प्रसाद मी चाळीस वर्षांपासून खाऊन राहिलो, म्हणून तिच्याबद्दल बोलायचा मले पूर्ण अधिकार आहे. पचमढीवाल्यावरचा अधिकार मात्र मी चोरून मिळवला. तेच सांगतो.

पचमढीवाला म्हणजे कोणी माणूस नाही, नाहीतर आमच्या शिरीषदादाने कधीच तमाशा केला असता. ते एक झाड आहे. इंग्रजी नाव अब्युटिलॉन. पान पाहाल तर भेंडीच्या खानदानातलं, आणि फूल म्हणजे उलटं टांगलेलं घुंगरू, नारिंगी, त्याच्यावर लाल लाल शिरा. घरी येणारा दर दुसरा माणूस विचारे, "भेंडी लावली का वो?" आणि वहिनी त्याचा चहा अर्धा कप करून आणे.

दादा रेल्वेत होता, वहिनी सरकारी ऑफिसात. तीस वर्षांपूर्वी तो आणि वहिनी पचमढीले फिराले गेले आणि तिथल्या एका रेस्टहाउसच्या अंगणात त्यांनी हे झाड पाह्यलं. दादाने माळ्याले सज्जनासारखी एक फांदी मागितली, माळ्याने सज्जनासारखी दिली, आणि इटारसी येईपर्यंत ती मरून गेली. दुसऱ्या वर्षी हे दोघं फक्त त्या फांदीसाठी परत गेले. या वेळी वहिनीने माळ्याले त्याच्या पोरींच्या लग्नाची चौकशी करत करत पुढच्या अंगणात गुंतवून ठेवलं. इकडे दादाने फांदी तोडली, ओल्या रुमालात गुंडाळली, वहिनीच्या गुलाबी साबणदाणीत घातली आणि झाकण लावलं. खट्. ती फांदी लागली. तेव्हापासून दोघांचं पक्कं मत झालं की मागितलेली फांदी मरते आणि चोरलेली जगते.

दोन इमानदार सरकारी माणसांची आयुष्यातली ही एकच चोरी. तशी अर्धी अजून एक होती. झाड ज्यात लावलं ती लाल बादली स्टेशनवरची, आग विझवायची. भंगारात निघाली होती म्हणे. 'रेल्वे आपली संपत्ती आहे' ही पाटी दादाने जरा जास्तच मनावर घेतली होती. बादलीचं बूड गोल, म्हणून त्याने तिच्यासाठी तीन पायांचं लोखंडी कडं बनवून घेतलं. ती तशीच तीस वर्षं ओसरीत उभी आहे.

सहा वर्षांपूर्वी दादा गेला. सकाळी पेपर वाचता वाचता गेला, कोणाले काही सांगितलं नाही, की तकलीफ दिली नाही. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस. मले मात्र त्याचा अजून राग येतो. असं कोणी जातं का, बाप्पा? चार दिवस आजारी तरी पडायचं, आम्हाले शिव्या घालायच्या, संत्री सोलून मागायची. काहीच नाही.

मागे राहिली वहिनी आणि तिचा पचमढीवाला. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा आला की आमच्या रायपुरात गच्ची, कपडे, पापड सगळ्यावर काळी भुकटी बसते. वहिनी रोज सकाळी दादाची जुनी बनियन ओली करून झाडाचं एकेक पान पुसे. फेब्रुवारीत त्याले निर्दयपणे अर्ध्यावर छाटे, नव्या फुटीचे शेंडे चिमटीने खुडे, म्हणजे ते बांबूसारखं उंच न होता चारी बाजूंनी भरे. बादली मात्र तिने कधी बदलली नाही. म्हणायची, "याचे पाय आवळलेले असले की हा फुलतो. मोकळं सोडलं की नुसता खातो. यांच्यासारखाच."

मे महिन्यात तर ती रायपूर सोडतच नसे. पंचेचाळीस डिग्रीत थंड हवेचं झाड जगवायचं म्हणजे खेळ नाही. ती त्याले कूलरच्या मागे, खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांचा ओलावा पोचेल अशा सावलीत ठेवे आणि त्याच्यासाठी भाच्यांच्या मुंजी, मावशांच्या साठ्या सगळ्या सोडे.

फांदी मात्र ती कोणाले देत नसे. एकदा ऑफिसातल्या मैत्रिणीले दिली होती, तर ती तिच्याकडे मेलीच, वर महिनाभर झाडाने पानं गाळली. झालं! "दिलं की रुसतं," हा तिचा कायदा. मी तीन वेळा मागितली. तिसऱ्या वेळी म्हणाली, "भाऊजी, माझे दागिने मागा, देते."

म्हणून दोन वर्षांपूर्वी ती आत चहा टाकाले गेली तेव्हा मी खिशातलं नेलकटर काढलं आणि एक फांदी उडवली. साबणदाणी कुठून आणू? हेल्मेटात घातली. तात्यापाऱ्याहून बूढ़ापाऱ्यापर्यंत स्कूटरवर उघड्या डोक्याने आलो, तलावापाशी पोलिसाचं चालान होता होता वाचलो. घरी मंजिरीले, म्हणजे माझ्या बायकोले, सांगितलं की नर्सरीतून आणलं. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे कुंडी लपवली. वहिनीचे गुडघे खराब, माझ्या गच्चीच्या बावीस पायऱ्या ती चढणार नाही, हा माझा हिशोब. आणि फांदी लागली ना! दादाचं म्हणणं खरं निघालं.

या वर्षी मे महिन्यात नागपूरले स्नेहलचं लग्न निघालं. स्नेहल वहिनीची भाची, लहानपणी तीन वर्षं हिच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. जाणं भागच होतं. सहा दिवसांसाठी झाड पोराच्या हवाली केलं. पोरगा ऋषिकेश, नव्या रायपुरात मोठ्या ऑफिसात आहे, स्वभावाने सोनं, पण जे काही करतो ते मोबाइलवर व्हिडिओ पाहून करतो. वहिनीने त्याले बजावलं, "रोज सकाळी एक तांब्या पाणी. दुसरं काही करू नको."

त्याने दुसरंच केलं. आईले खूश कराले. पांढरीशुभ्र चिनीमातीची कुंडी आणली, हौदाएवढी. त्यात पोतंभर खत. लाल बादलीतून पचमढीवाल्याले उपटलं, आवळलेली मुळं व्हिडिओत सांगितली तशी हाताने मोकळी केली, आणि भर मे महिन्यात त्या हौदात लावून भरपूर पाणी दिलं. मग फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला, 'आई के लिए सरप्राइज'. सगळ्यांनी अंगठे दाखवले. मी पण दाखवला, गाढवासारखा.

वहिनी परत आली तेव्हा पानं माना टाकून होती. मुळं सडली होती. दहाव्या दिवशी कुंडीत नुसती काडी उरली.

मले वाटलं, आता ऋषिकेशचं काही खरं नाही. पण वहिनी म्हणाली, "जाऊ दे रे. तुले काय माहीत." चाळीस वर्षांत ही बाई कोणाले जाऊ दे म्हणाली नव्हती. पोरानं मले फोन केला, "काका, मैंने तो अच्छे के लिए किया था ना. आई कुछ बोल ही नहीं रही." मी गेलो तर वहिनी ओसरीत बसून बनियनने ती वाळकी काडी पुसून राहिली होती. शेजारच्या बाई आल्या, त्यांनी कुंडीकडे पाहून विचारलं, "भेंडी होती का?"

वहिनी म्हणाली, "हव." आणि आत जाऊन त्यांच्यासाठी पूर्ण कप चहा आणला.

तेव्हा मी घाबरलो. दादा गेल्यावर उरलेली त्याची जिवंत अशी ती एकच वस्तू होती, आणि ती गेल्याबरोबर वहिनीची जीभही गेली होती. जगात त्या झाडाचं एकच पिल्लू उरलं होतं, ते माझ्या टाकीमागे, आणि ते सांगायचं म्हणजे आपल्या तोंडाने स्वतःले चोर म्हणायचं. मी महिनाभर टाळलं. खोटं कायले बोलू, मले लाज वाटत होती. शेवटी जुलै उजाडला, त्या दिवशी सकाळी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"वहिनी, माझ्या गच्चीवर पचमढीवाला आहे."

तिने हळूच मान वर केली. "कुठून आणला?"

"तुझ्याच बादलीतून. दोन वर्षं झाली. तू चहा टाकाले गेली होती. नेलकटरने कापला."

"नेलकटरने?" वहिनी ताडकन उठली. गुडघे वगैरे सगळं विसरली. "लाज नाही वाटली, भाऊजी? नखं कापायच्या वस्तूनं? देठ चिरडतो ना त्यानं! कात्री नव्हती का घरात?"

"चोरी कराले कात्री मागू का तुले?"

"मी आत तुमच्यासाठी आलं किसून राहिली आणि तुम्ही बाहेर माझा पचमढीवाला कापून राहिले! आणि नेला कशात?"

"हेल्मेटात."

"माय वो! त्या घामट हेल्मेटात!"

पंधरा मिनिटं तिने मले झोडपलं. माझे केस, माझी नोकरी, माझं लहानपणी नापास होणं, काही काही सोडलं नाही. इतकं बरं वाटलं मले, काय सांगू. डोळ्यांत पाणीच आलं. मी म्हटलं, "आत्ता कुंडी आणून देतो, वहिनी. तुझंच आहे."

"खबरदार! आणाल तर दारातून परत पाठवीन. उद्या मीच येते पाहाले."

दुसऱ्या दिवशी ती आली. भली मोठी पर्स काखेत धरून बावीस पायऱ्या चढली, दर चौथ्या पायरीवर थांबून माझा उद्धार करत. गच्चीवर पोचल्यावर झाडाभोवती एक चक्कर मारली. "हे काय करून ठेवलं? शेंडे काहून नाही खुडले? ताडाचं झाड करायचं होतं का? आणि पानाखाली पाहा, पांढरी माशी. आंघोळ घालता का याले कधी?" तिने पदराने दोन-चार पानं पुसली. झाडावर एकच फूल होतं. ते तिने तळहातावर धरलं.

"यांचाच आहे हा," ती म्हणाली.

"घेऊन जा ना, वहिनी. पूर्ण कुंडीच ने. रिक्षात ठेवून देतो."

"मले काही नको." तिने डोळे पुसले. "चहा मिळेल का तुमच्या घरी? आलं घालून. घाई करू नका, चांगला उकळू द्या."

मी चार पायऱ्या उतरलो आणि माझ्या ढेकळ डोक्यात उजेड पडला. आल्यापासून त्या पर्सवरची पकड तिने एक मिनिट ढिली केली नव्हती. तेवढ्यात खालून मंजिरी ओल्या कपड्यांची बादली घेऊन वर येऊन राहिली होती.

"अहो, बाजूले व्हा ना. कपडे वाळू घालायचे आहेत."

मी जिन्यात आडवा उभा. तोंडातून निघून गेलं, "तुझ्या भावाच्या पोरीचं जमलं का गं कुठे?"

मंजिरी माझ्याकडे पाहतच राहिली. पस्तीस वर्षांत मी तिच्या भावाचं नाव आपणहून घेतलं नव्हतं. तिने बादली पायरीवर टेकवली आणि सुरू झाली. भिलाईचा मुलगा, इंजिनियर, पण उंची कमी, आईचा स्वभाव कडक. मी "अच्छा", "मग", "काय सांगते" करत राह्यलो. मधेच वरून बारीकसा आवाज आला. खट्.

तो आवाज मी याआधी कधी ऐकला नव्हता, पण कशाचा आहे ते मले विचारायची गरज नव्हती. मले दादा आठवला. फांदी तोडणारा तो होता आणि माळ्याले गुंतवणारी ती. आता तोडणारी ती एकटी होती, म्हणून गुंतवाले मी उभा होतो. मंजिरी म्हणाली, "अहो, रडून काहून राहिले? उंची कमी आहे, बाकी मुलगा चांगला आहे."

वहिनी खाली आली, पर्स मांडीवर घट्ट धरून चहा प्याली. "झाड बरं आहे तुमचं," म्हणाली, "पण असं काही खास नाही." आणि गेली. मी पळत वर जाऊन पाह्यलं. एक नाही, तीन फांद्या गायब! कात्रीने, तिरप्या, देठाले धक्का न लावता कापलेल्या. आणि माझ्या झाडाचे उरलेले सगळे शेंडे व्यवस्थित खुडून ठेवले होते.

तिन्ही लागल्या. त्यातली सगळ्यात दांडगी लाल बादलीत गेली आणि डिसेंबरात तिले फुलं आली. त्या पांढऱ्या हौदात वहिनीने खरोखरची भेंडी लावली आहे. ऋषिकेश आला की त्याले त्याच भेंडीची भाजी वाढते आणि वर विचारते, "कशी झाली सरप्राइज?"

फांदी ती आजही कोणाले देत नाही. मागितली तर तोंडावर नाही म्हणते, आणि कोणी भेंडी म्हटलं तर चहा अर्धाच येतो. पण एखादा माणूस त्या घुंगरांकडे जास्त वेळ पाहत उभा राह्यला, तर वहिनी मोठ्याने म्हणते, "बसा, मी चहा टाकते. मले आत चांगली दहा मिनिटं लागतील." मग आत जाऊन उगाच भांडी वाजवत बसते. आणि तिची कात्री, जी पूर्वी कपाटात कुलपात असे, ती आता बादलीच्या कड्यालेच लटकवलेली असते.