दोन दारांचा बोका

गोंदियाजवळ कुडव्याला आमचं घर एकच होतं, दारं मात्र दोन. पुढच्या भागात मोठे दीर आणि जाऊबाई, मागच्या भागात आम्ही. मधल्या अंगणात बोअरवेल आणि तिची मोटर. मी स्कूटी घ्यायचा हट्ट धरला आणि घेतली, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ती मोटर जळली. कोणी चालू ठेवली होती, ते आजही नक्की सांगता येणार नाही. जाऊबाई शेजारणींसमोर म्हणाल्या, "काही लोकायले बटन दाबता येते, बंद करता येत नाही." मी घरातून ऐकलं आणि बाहेर येऊन मीही काहीबाही बोलले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद झालं. पुरुषांचं एकमेकांशी चालू होतं, मुलांचं तर होतंच. दोघी जावांचं तेवढं थांबलं.

मी मुळातच एका जागी न बसणारी. माझ्या पायाला भिंगरी आहे, असं अर्जुनीला माहेरी सगळे म्हणत. अबोला धरला तशी ती भिंगरी जास्तच फिरायला लागली. जाऊबाईंच्या दाराची कडी वाजली की मी बादली तशीच ठेवून आत यायची. त्या आत गेल्या की पुन्हा बाहेर. भांडी घासतानाही माझा अर्धा कान त्या कडीकडे असायचा. एखादं काम पूर्ण करून मी उठले आहे, असं त्या दिवसांत फार कमी वेळा झालं.

या दोन दारांमध्ये मोकळेपणानं फिरणारा एक बोका होता. राखाडी, अंगावर पट्टे, एक कान भांडणात फाटलेला. तो कोणी आणला नव्हता. आला आणि राहिला. आमच्याकडे दूधभात खायचा आणि जाऊबाईंकडे सुकट, कोंबडीची हाडं, जे असेल ते. दुपारी आमच्या कूलरसमोर झोपायचा, सकाळी त्यांच्या पायपुसण्यावर. तो आपलाच आहे, असं दोन्ही घरांना वाटायचं.

त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यातली एक दुपार. मी मागच्या दारात गहू पाखडत होते. बांधकामाची उरलेली रेती कोपऱ्यात पडून होती, तिथे बोका जाऊन बसला. पाठ कमानीसारखी, शेपटी ताठ. बराच वेळ तसाच बसला, बारीक आवाज काढला आणि काहीच न करता उठला. चार पावलं गेला, परत येऊन बसला. पुन्हा तेच. मी सूप खाली ठेवलं. दुधाची वाटी त्याच्यासमोर सरकवली तर त्यानं वास घेऊन तोंड फिरवलं आणि थोड्या वेळानं पिवळा फेस ओकला.

मी नवऱ्याला फोन लावला. तो गोंदियात धान्याच्या दुकानात कामाला. मागे गिऱ्हाइकांचा कालवा चालला होता.

"ऊन लागलं असन," तो म्हणाला. "पोट अडकलं असन तं एरंडेल पाज थोडं. मी आता नाही येऊ शकत."

एरंडेलाची बाटली फळीवर होती. मी बोक्याला मांडीत दाबलं, चमचा तोंडाशी नेला. अर्धं तेल माझ्या साडीवर आणि जे आत गेलं त्यानं तो असा ठसकला की मी घाबरून हात काढून घेतला. तो निसटून परत रेतीत जाऊन बसला. डोळे अर्धवट मिटलेले. मला काही सुचेना. आत जायचं, बाहेर यायचं, पाण्याची वाटी भरायची, ठेवायची, परत उचलायची. एवढंच करत होते.

मान वर केली तर जाऊबाई अंगणाच्या पलीकडे उभ्या होत्या. हातात ओला टॉवेल. बहुतेक बऱ्याच वेळापासून उभ्या असाव्यात. त्या बोलतील, म्हणून मी वाट पाहिली. मग मलाच राहवलं नाही.

"बाई, हा तुमच्याकडं संडास करते का?"

"माह्याकडं?" त्या म्हणाल्या. "तुह्या रेतीतच जाते ना तो. मले तं तेच वाटे."

"माह्या रेतीत काही नाही. लय दिवस झाले. मी म्हटलं, तुमच्या झाडांकडं जात असन."

"तिकडंबी नाही."

दोघी मनातल्या मनात मागचे दिवस मोजत होतो. त्यांच्याकडे पाहुणे येऊन गेले होते, कोंबडी केली होती, बोक्यानं पोटभर हाडं चावली होती. त्याला आठवडा तरी झाला असेल. एवढे दिवस तो अडकून होता आणि एकमेकींना एक शब्द विचारला असता तर तेव्हाच कळलं असतं.

"मी गाडी काढतो," मी म्हणाले. "दवाखान्यात नेऊ."

"आन् धरन कोन याले?"

त्यांनी टॉवेल वळणीवर टाकला. "थांब. मी धरतो. चपला घालून येतो."

भाजीच्या मोठ्या थैलीत जुनं पातळ अंथरून त्यात बोक्याला बसवलं. जाऊबाई पहिल्यांदाच माझ्या स्कूटीवर बसल्या. पाय कुठे ठेवायचे ते त्यांना समजेना आणि ते मला विचारायचंही नव्हतं. मीच मागे वाकून दाखवलं.

जनावरांच्या दवाखान्यात एक म्हातारा कंपाउंडर पंख्याखाली बसलेला. थैलीत डोकावून तो म्हणाला, "बिल्ली है क्या? साहेब तो कामठा गये. गाय विताना अडली आहे तिथं. शाम तक आ जायेंगे, बैठो."

जाऊबाई बाकावर बसल्या. मी फाटकापर्यंत गेले, परत आले. पुन्हा फाटकापर्यंत. रस्त्यावरून कुठलीही जीप गेली की मला वाटायचं, डॉक्टरच आले.

"कायले फिरून राहिली?" जाऊबाई म्हणाल्या. "तुह्या फिरल्यानं त्याचं पोट मोकळं होनार नाही."

त्या थैलीत हात घालून बसल्या होत्या. बोका आता ओरडतही नव्हता. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "आपन कामठ्याले जाऊ."

"एवढ्या उन्हात?"

"इथं बसून मी पागल होऊन जाईन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पदर डोक्यावरून घट्ट ओढला आणि उठल्या.

तो रस्ता मला अजून अंगावर आठवतो. वारा भट्टीतून यावा तसा गरम. दोन्ही बाजूंना धान कापून झालेली कोरडी बांध्यांची, भातखाचरांची जमीन, झाडाखाली दडून बसलेली ढोरं. मी गाडीतली ओढणी तोंडाला बांधली होती, तरी ओठ फुटत होते. थैली जाऊबाईंच्या मांडीवर, माझ्या पाठीला टेकलेली. मध्येच मी विचारायची, "आहे ना?"

"आहे. पोट हालून राहिलं."

थोडं पुढे गेलं की परत, "आहे ना?"

"समोर पाहून चालव. आहे."

इतकं बोलणं आमच्यात उन्हाळाभर झालं नव्हतं.

कामठ्याला पानठेल्यावर विचारलं. गाय कोणाच्या घरी अडली आहे, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पोचलो तर डॉक्टर उघड्या अंगानं गुरांच्या कोठ्यात, हात दंडापर्यंत रक्तानं भरलेले. वासरू नुकतंच बाहेर आलं होतं, गाय त्याला चाटत होती. आम्ही आंब्याच्या सावलीत थांबलो. घरच्या बाईनं आम्हाला पाणी दिलं. जाऊबाईंनी आधी बोटं ओली करून बोक्याच्या तोंडाला लावली, मग स्वतः प्यायल्या.

डॉक्टर हात धुऊन आले, थैली पाहून हसले नाहीत. बाजेवर बोक्याला ठेवायला सांगितलं.

"लघवी करतो का?"

मला माहीत नव्हतं. मी जाऊबाईंकडे पाहिलं.

"करते," त्या म्हणाल्या. "आज सकाळीच माह्या पायपुसन्यावर केली. चांगली."

"मग ठीक. बोक्याची लघवी अडली असती तर फार वाईट. असाच बसतो, असाच जोर करतो, लोकांना वाटतं पोट अडलं. संडास कधीपासून नाही?"

"मले वाटलं, हिच्याकडं जाते," जाऊबाई म्हणाल्या.

"आन् मले वाटलं, यांच्याकडं."

"एकाच घरच्या ना तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं. आम्ही दोघींनी बोक्याकडे पाहिलं.

त्यांनी पोट दाबलं आणि माझी बोटं धरून तिथे ठेवली. आत बोरांच्या बियांची माळ भरल्यासारखं टणक लागत होतं. एरंडेल पाजल्याचं मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. "ते पुन्हा करू नका. तोंडात जबरदस्तीनं ओतलं तर तेल छातीत जातं. मग मांजर संडासानं नाही, त्यानं मरतं."

त्यांनी मानेमागच्या कातडीखाली सलाईन सोडलं. तिथे उंटाच्या वशिंडासारखा फुगा आला. मग एक बारीक मऊ नळी, कोमट पाणी आणि कसलं तरी बुळबुळीत औषध. जाऊबाईंनी पुढचे पाय धरले, मी मागचे. आमची डोकी एकमेकींना लागत होती. बोक्यानं जाऊबाईंचा अंगठा फोडला, पण त्यांनी पकड सोडली नाही. पाणी आत गेलं आणि काहीच झालं नाही.

"आता थांबायचं," म्हणून डॉक्टर वासराकडे गेले.

थांबणं हे माझं काम नव्हतं. मी पाय बदलत होते, गायीकडे बघत होते, बाजेच्या सुतळीचा पीळ मोजत होते. जाऊबाईंच्या अंगठ्यातून रक्त ठिबकत होतं. "धुऊन या ना बाई," मी म्हटलं. "मी एकटी धरतो."

"राहू दे. निसटन तो."

डॉक्टरांनी येऊन दुसऱ्यांदा पाणी सोडलं, बाहेरून पोट हलक्या हातानं चोळलं. बोका एकदम ताठ झाला, मोठ्यानं ओरडला आणि आलं. काळे, खडे व्हावेत तसे तुकडे. त्यात हाडांच्या किरचा आणि केसांचा एक लांबट बोळा. वासानं घरची बाई नाकाला पदर लावून मागे सरकली. आम्ही दोघी मात्र वाकून पाहत होतो.

"सगळं एकदम काढत नाही, आतडं दुखावेल," डॉक्टर म्हणाले. "उरलेलं उद्यापर्यंत आपोआप झालं पाहिजे. नाही झालं तर घेऊन या." हाडं बंद. पाण्याच्या वाट्या चार ठिकाणी. कोहळं, म्हणजे लाल भोपळा, शिजवून, कुस्करून, मिठाशिवाय, थोडंसं खाण्यात मिसळायचं. उन्हाळ्यात केस गळतात आणि तो चाटून गिळतो, म्हणून रोज फणी. मग जाता जाता म्हणाले, "आणि कुठे काय खाल्लं, कुठे बसला, ते एकमेकींना सांगत जा."

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून रेतीकडे जाऊन येऊन होते. नवरा म्हणाला, तू अशी पाहत राहिलीस तर तोही बसणार नाही. शेवटी ऊन कलल्यावर बोका गेला, बसला, उठला आणि पायांनी रेती ओढून झाकून टाकलं. मी काडीनं उकरून पाहिलं. मग अंगणात येऊन हाक मारली, "बाई, झालं."

आतून आवाज आला, "कसं?"

"मऊ."

"बरं झालं बापा."

त्यानंतर आमचं बोलणं सुरू झालं, पण फक्त बोक्यापुरतं. आज गेला, आज नाही गेला. कोहळं संपलं. पाणी प्यायला. एकमेकींच्या दारात उभं राहून एवढंच बोलायचं आणि आपापल्या घरात जायचं. पुढच्या थंडीत त्याला परत तोच त्रास झाला, तेव्हा आम्ही लवकर ओळखलं. आणखी दोन-तीन वर्षं तो असाच सांभाळत सांभाळत जगला. मग म्हातारा होऊन जाऊबाईंच्या पायपुसण्यावरच एका सकाळी थंड झाला. दिरांनी मागच्या बाजूला खड्डा खणला.

तो गेल्यावर मला वेगळीच घालमेल होऊ लागली. आता हाक कशासाठी मारायची? दोन दिवस मी उगाच अंगण झाडत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊबाई आल्या आणि माझ्या पायरीवर बसल्या. मी सुपात लाखोरीची पालेभाजी निवडत होते. काही निरोप असेल, म्हणून मी हात थांबवला.

"काय करून राहिली?" त्यांनी विचारलं.

"भाजी."

त्यांनी सुपातली अर्धी भाजी आपल्या पदरात घेतली आणि निवडायला लागल्या.