पिंपळाखाली माझा बाप आहे

“मावशी, हात लावू नका. आणि त्या चपला आधी तिकडे लांब काढा.”

हे माझ्या आईला सांगितलं गेलं. भर सकाळी, फिरायला आलेल्या वीस-पंचवीस लोकांच्या देखत, आमच्या चाळीसमोरच्या मैदानात. आणि ज्या पिंपळाला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं, तो पिंपळ आईनेच लावलेला.

आईच्या कमरेवर पाण्याची कळशी होती. उन्हाळ्यात ती रोज सकाळी पिंपळाला पाणी घालते. त्या दिवशी बघते तर बुंध्याशी एक दगड. शेंदूर फासलेला, वर जास्वंदीची दोन फुलं, बाजूला उदबत्ती. आदल्या संध्याकाळी तिथे काही नव्हतं. रात्रीतून देव उगवला होता.

देवाच्या शेजारी केळकर मॅडम उभ्या होत्या. समोरच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या, बँकेतून रिटायर झालेल्या, आणि आमच्या ‘मैदान बचाव समिती’च्या अध्यक्ष.

आई म्हणाली, “पाणी घालते न् जाते ताई.”

“आम्ही घालू हो पाणी. आता इथे देव आहे ना. तुमच्या लोकांनी आता जरा लांबून.”

जरा लांबून. हे दोन शब्द आईने गावाला लहानपणी ऐकलेले. विहिरीवर, देवळाच्या पायरीवर, पाटलाच्या ओट्यावर. तिला वाटलेलं, कल्याणला आलो, ते शब्द मागे राहिले. ते टॉवरच्या लिफ्टने खाली उतरून तिच्यासमोर उभे राहतील हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

मी रस्त्याच्या कडेला स्कूटर चालू ठेवून हे ऐकत होते. उतरून पुढे गेले, तशी आईने माझं मनगट धरलं. “चल. तुला कामाला उशीर होतोय.” कळशी तशीच भरलेली घेऊन ती घरी आली. ते पाणी तिने मोरीतही ओतलं नाही. दिवसभर कळशी उंबऱ्यापाशी ठेवून दिली.

त्या पिंपळाचं आणि आमचं काय आहे, ते सांगते.

आमची चाळ कारखान्याच्या कामगारांची. कारखाना कधीच बंद पडला, चाळ राहिली. समोरची जागा पालिकेच्या नकाशात बागेसाठी राखीव. नकाशातच. बाग करायला कोणी आलं नाही. तिथे राडारोडा पडायचा, डुकरं फिरायची. आमच्या माणसांनी ती जागा साफ केली. दर रविवारी श्रमदान. आणि मग एक रीत पडली. चाळीतलं माणूस गेलं की त्याची राख नदीत सोडायची नाही. जलदान विधीच्या दिवशी बुद्धवंदना झाली की मैदानात खड्डा घ्यायचा, राख त्यात घालायची, वर रोप लावायचं. नदी आधीच घाण झालीय, तिला आणखी कशाला, असं आमचे म्हातारे म्हणायचे. पण खरं कारण वेगळं होतं. माणूस डोळ्यांसमोर राहावा. गावाला आमच्या वाट्याला जमीन आली नाही, इथे निदान मेल्यावर तरी यावी.

जांभूळ म्हणजे शेजारच्या अनुसयाकाकू. कोपऱ्यातला बहावा म्हणजे भीमाआजी. चैत्रात बहावा पिवळा झाला की आई म्हणते, “म्हातारी नटली बघ.” आणि पिंपळ म्हणजे माझा बाप. तो गेला तेव्हा मी शाळेत होते. ओढणीच्या टोकात रोपाची माती धरून मीच ते आणलेलं. आता त्याच्या सावलीत अख्खी चाळ बसते.

पुढे मैदानाभोवती टॉवर झाले. फ्लॅट विकताना जाहिरातीत फोटो होता आमच्या झाडांचा. बाल्कनीतून हिरवळ. आमच्या मेलेल्या माणसांचा व्ह्यू दाखवून बांधणाऱ्यांनी फ्लॅट विकले आणि टॉवरवाल्यांनी घेतले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसं. पण मी म्हटलं असू दे. झाडाखाली बसायला कुणाला बंदी आहे?

मग नोटीस आली. बागेचं आरक्षण उठवून तिथे गृहप्रकल्प करायचा एका बिल्डरने घाट घातलेला; हरकत असेल त्यांनी लिहून द्या, मग सुनावणी होईल. टॉवरवाल्यांची झोप उडाली. समिती झाली. आम्हालाही बोलावलं, कारण मानवी साखळीला माणसं लागतात आणि टॉवरमधली माणसं रविवारी दहाच्या आत उठत नाहीत. आम्ही गेलो. आमच्या बायका पोरं कडेवर घेऊन उन्हात उभ्या राहिल्या. पेपरवाला आला तेव्हा केळकर मॅडम फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, मी बाजूलाच होते. “त्या जयभीमवाल्यांना मागच्या रांगेत घ्या. फोटोत झेंडेबिंडे नकोत.”

आमच्या हातात एकही झेंडा नव्हता. मॅडमना तो आमच्या तोंडावर दिसत असावा.

तरीही मी गप्प बसले. लढाई बिल्डरशी आहे, घरातली भांडणं नंतर, असं मी आईला समजावलं. आणि मग हा दगड आला. कल्पना समितीतल्याच एका काकांची. देवळाला कुणी हात लावत नाही, एकदा देव बसला की बिल्डरचा बाप आला तरी झाड पडणार नाही. आपल्याकडे रस्ते वाकडे होतात ते अशाच देवांना वळसा घालून. त्यामुळे काकांचं अगदीच चुकलं असंही नाही. फक्त देव बसवायला त्यांनी नेमका माझा बाप शोधला.

मी डोंबिवलीच्या एका लॅबमध्ये काम करते. घरोघर जाऊन लोकांचं रक्त घेते. केळकर मॅडमना साखर आहे, त्यांचं रक्त मीच घ्यायचे. त्याच आठवड्यात जायची वेळ आली. त्यांनी बाही वर केली. मी दंडाला पट्टा बांधला, बोटाने शीर चाचपली. त्यांच्या शिरा बारीक आहेत, सापडत नाहीत, चाचपायला वेळ लागतो. तेव्हा त्या म्हणाल्या नाहीत, जरा लांबून.

मी विचारलं, “मॅडम, त्या झाडाखाली आमच्या बाबांची राख आहे. तुम्हाला माहितीये ना?”

“अगं हो, कळलं मला. म्हणूनच तुला सांगणार होते. सुनावणीत ते राखेबिखेचं काढू नका हं कोणी. स्मशान आहे म्हटलं तर केस पडेल आपली. आणि इथे लोकांनी कर्ज काढून घरं घेतलीयत. समोर स्मशान म्हटल्यावर कसं वाटतं सांग.” मग कापूस दाबत हसून म्हणाल्या, “तुझा हात मात्र फार हलका आहे.”

मी नळीवर नाव लिहिलं आणि खाली आले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला त्या टॉवरच्या पार्किंगमध्ये कळलं. मी चिडले होते, आणि त्याहून जास्त मला लाज वाटत होती. कशाची, ते सांगता येत नाही. लाज त्यांना वाटायला हवी होती, वाटत मला होती. आमच्या पिढ्यांना ही सवय लावलेली आहे.

सुनावणी ठाण्याला होती. टॉवरवाल्यांनी बस केलेली, एसी. आमच्यासाठी टेम्पो. हॉलमध्ये समोर टेबलाशी सुनावणी घेणारे साहेब, पुढच्या खुर्च्यांवर समितीची माणसं, मागे आम्ही. बोलणार केळकर मॅडम एकट्याच. त्या छान बोलल्या, खोटं कशाला सांगू. प्राणवायू, पक्षी, मुलांची खेळायची जागा. शेवटी म्हणाल्या, “आणि साहेब, तिथे आमचं पुरातन श्रद्धास्थान आहे.”

पुरातन! आईने माझ्याकडे बघितलं. त्या दगडावरचा शेंदूर अजून नीट वाळलाही नव्हता.

मग बिल्डरचा वकील उठला. मला वाटलं, हा आता देव खोटा आहे म्हणणार. त्याने हात जोडले.

“साहेब, आमचे अशीलही श्रद्धाळू आहेत. देवाला कुणीच विरोध करत नाही. प्रकल्पाच्या दर्शनी भागात आम्ही संगमरवरी मंदिर बांधून देऊ. विधिवत स्थलांतर करू. खर्च सगळा आमचा.”

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. ज्या देवाच्या जिवावर समितीने झाड वाचवायचं ठरवलेलं, तो देव बिल्डरच्या गाडीत बसून निघाला. पुढच्या खुर्च्यांत कुजबूज सुरू झाली, आणि ती कुजबूज रागाची नव्हती. देव ज्यांनी सुचवला तेच काका शेजारच्याला विचारत होते, “मंदिर आपल्या गेटच्या बाजूला घेतील का हो?”

साहेब म्हणाले, “समितीला आणखी काही म्हणायचंय?”

कुणी उठेना. मला आठवली ती उंबऱ्यापाशी ठेवलेली कळशी. मी उभी राहिले.

“मला म्हणायचंय.”

मॅडम मागे वळल्या, डोळ्यांनी बस म्हणाल्या. साहेबांनी विचारलं, “तुम्ही समितीतर्फे?”

“नाही साहेब. मी माझ्या बापातर्फे.”

मी सांगितलं. तो दगड या उन्हाळ्यात आलाय, पिंपळ मी शाळेत होते तेव्हापासूनचा आहे. त्याच्या मुळाशी माझ्या बापाची राख आहे. जांभळाखाली, बहाव्याखाली, त्या सगळ्या झाडांखाली आमची माणसं आहेत. ते रान आपोआप उगवलेलं नाही आणि पालिकेनेही लावलेलं नाही. ते आम्ही केलं. आमच्या चाळीने.

“म्हणजे ती स्मशानभूमी आहे का?” साहेबांनी विचारलं.

“नाही साहेब. तुमच्या नकाशात बाग आहे ना? तीच बाग आहे. तुम्ही केली नाही, म्हणून आम्ही आमच्या माणसांची केली.”

वकील गोड हसला. “ताईंच्या भावनांचा आम्हाला आदर आहे. त्या अस्थीही सन्मानाने हलवू.”

तेवढ्यात माझ्या शेजारी आई उठली. आयुष्यात कधी कुठल्या ऑफिसात तोंड न उघडलेली बाई. लुगड्याचा पदर खोचून, हात वर करून.

“हलव ना! ये तू आणि हलव! माझा नवरा कुठवर आणि झाड कुठनं, तेवढं फक्त मला वेगळं करून दाव. मग ने!”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. शेजारच्या माणसाला म्हणाले, “हे लिहून घ्या. बाई म्हणाल्या तसंच लिहा.”

एवढंच झालं. टाळ्या पडल्या नाहीत, निकालही लागला नाही. बाहेर पायऱ्यांवर केळकर मॅडमनी मला गाठलं. चेहरा लाल झालेला.

“काय केलंस तू हे? देवाच्या नावावर वाचत होतं सगळं!”

“मैदान वाचत नव्हतं मॅडम. तुमचं देऊळ वाचत होतं. आणि त्याला मागच्या रांगेत आमची गरज नाही.”

परत येताना आम्ही टेम्पोतही बसलो नाही. आमच्या पैशाने तिकीट काढून एसटीने आलो. आईला खिडकी मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने कळशी भरली. मी रजा टाकलेली. पिंपळाजवळ नेहमीची फिरणारी मंडळी होती, मॅडमही होत्या. आईने चपला काढल्या नाहीत. सरळ बुंध्याशी गेली, पाणी घातलं, आणि मग दोन्ही हात पसरून झाडाला लावले. बराच वेळ तशीच उभी राहिली. पाणी दगडावरून वाहिलं, थोडा शेंदूर मातीत उतरला. दगडाला आम्ही काही केलं नाही. दगडाशी आमचं भांडण नाही, तो बिचारा कुठून तरी उचलून आणलेला. फिरणारे फिरत राहिले. आमच्या मागे चाळीतल्या पाच-सहा बायका आपापल्या कळश्या घेऊन आल्या होत्या, त्यांना मी बोलावलं नव्हतं.

समितीच्या ग्रुपमधून मला काढलंय. केळकर मॅडमनी लॅबला फोन करून दुसरी मुलगी मागितली. परवा ती मुलगी सांगत होती, मॅडमची शीर सापडत नाही, दोनदा टोचावं लागतं. मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं का, माहीत नाही. टॉवरमधले दोन-तीन जण मात्र आता आमच्याकडे येतात, चाळीच्या पायरीवर बसतात, पुढच्या हरकतीत काय लिहायचं ते विचारतात. बसू दे. इथे पुढची-मागची रांग नाही, एवढं आल्या आल्या सांगून टाकलंय.

बिल्डरने मैदानाच्या एका बाजूने पत्रे ठोकायला सुरुवात केली आहे, निकाल यायच्या आधीच. आई रोज पाणी घालायला जाते आणि पत्रे कुठवर आले ते बघून येते. तिने मला सांगून ठेवलंय, तिची जागा पिंपळाच्या उगवतीला. रोप करंजाचं.

निकाल कुठल्याही बाजूने लागो. पत्रे भीमाआजीच्या बहाव्यापर्यंत येतील, जेसीबी येईल, बरोबर बंदोबस्त येईल. त्या दिवशी आम्ही जरा लांबून बघणार नाही. पिंपळाला पाठ टेकून बसणार आहोत, अख्खी चाळ, चपला घालून. झाडाला हात लावायला जो कुणी येईल, त्याला आधी आम्हाला हात लावावा लागेल.