दुखवट्याला नायगावला

लातुरात तेव्हा माझा चेहरा चौकाचौकात टांगलेला असायचा. क्लासच्या फ्लेक्सवर गुणवंत पोरांच्या रांगेच्या वर हसणाऱ्या बायोलॉजीच्या मॅडम म्हणजे मी. घरी आल्यावर मात्र मी आणि माझा नवरा एका फुकटच्या डेटिंग साइटवरचं बिनचेहऱ्याचं जोडपं होतो. फोटोच्या जागी आम्ही सोयाबीनचं शेत लावलं होतं.

मला बायाही आवडतात आणि त्याला पुरुषही, हे आम्ही लग्नाच्या पहिल्याच वर्षी एकमेकांना सांगून टाकलं होतं. तो हदगावकडचा, बी-बियाण्यांच्या दुकानांत फिरणारा माणूस. ऐकून एवढंच म्हणाला, "बरं झालं. घरात तरी लपवायचं राहिलं न्हाई." अवघड होतं ते आमच्यासारखं आणखी कुणी सापडणं. साइट फुकटची, म्हणजे आवो जावो घर तुम्हारा. 'जोडपं' म्हणून नोंदलेले बहुतेक एकटे पुरुषच. बायकोशी बोलू द्या म्हटलं की प्रत्येकाची बायको माहेरी गेलेली. नांदेड-लातूरच्या निम्म्या बायका बारा महिने माहेरीच नांदत होत्या की काय, देव जाणे. बाकीच्यांचा समज असा, की ज्यांना दोन्ही चालतं त्यांना कुणीही चालतं. आणि या सगळ्यांचं नाव खोटं, वय खोटं. पण पहिला प्रश्न मात्र अस्सल मराठवाडी: गाव कोणतं?

मग एकीनं लिहिलं. तिनंही गाव विचारलं आणि मी खरं सांगितलं, कारण ते गाव आता जुन्या जागी उरलेलंच नाही. तिनं लिहिलं, "आमचंही तिकडचंच. माझ्या सासूबाई भूकंपात गेल्या. ह्यांना अजून बंद खोलीत झोप येत नाही." आम्ही भूकंपातली माणसं. असं कुणी म्हणालं की पुढची चौकशी करत नाही, आपल्या घरातलं कोण गेलं ते सांगतो. मीही सांगितलं. उकडतंय म्हणून आईनं मला बाहेर अंगणात निजवलं आणि ती धाकट्याला घेऊन आत गेली. दोघंही भिंतीखालून निघाले. हे मी नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "मग आईनंच तुम्हाला दुसऱ्यांदा जन्म दिला म्हणायचा." त्या वाक्यावर मी तिच्या प्रेमात पडले. नवऱ्याला तसं सांगितलंही. त्यानं माझी चेष्टा केली आणि भेट ठरवली.

नांदेडला, स्टेशनाजवळच्या एका हॉटेलात, दुपारच्या जेवणाला. तिचा नवरा एकटाच आला. "ती माहेरी गेलीय."

माझ्या नवऱ्याला हसू फुटलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं सवयीनं विचारलं, "पाव्हणे, मूळ गाव कोणतं?" आणि समोरचाही सवयीनं बोलून गेला, "नायगाव. मोंढ्याच्या मागंच घर हाय आमचं." वर आडनावही सांगितलं. चॅटवर हजार थापा मारणाऱ्या माणसाला समोरासमोर गाव खोटं सांगता येईना.

नायगाव! भूकंपात नायगावला फार तर फळीवरचं एखादं भांडं पडलं असेल. मी विचारलं, "मग तुमच्या बायकोनं सासूचं लिहिलं ते?"

तो निर्लज्जासारखा हसला. "आता तुमच्यापासून काय लपवायचं, मॅडम? मीच लिहीत होतो. त्याशिवाय बाया बोलत न्हाईत." मग माझ्या नवऱ्याकडं वळून म्हणाला, "मी एकटा आलो तरी तुमची तर हरकत नसंलच म्हणा."

मी तांब्याभर पाणी त्याच्या ताटात ओतलं आणि उठले. पण तो मला मॅडम म्हणाला होता. फ्लेक्सवरून त्यानं ओळखलं होतं.

आठवड्याच्या आतच क्लासच्या संचालकांनी बोलावून घेतलं. "कुणीतरी पालकांना फोन करून राहिलाय, मॅडम. तुम्ही आणि तुमचे मिस्टर कुठल्या साइटवर असता म्हणून. लेकरांचा क्लास हाय, समजून घ्या." मी समजून घेतलं नाही, तरी नोकरी गेली. फ्लेक्सवर माझ्या तोंडावर दुसऱ्या बाईंचं तोंड चिकटवलं, खाली साडी माझीच. दुसऱ्या कुठल्याही क्लासनं मला दारात उभं केलं नाही.

नवरा म्हणाला, जाऊ दे. मी जाऊ देणार नव्हते. नोकरीचं एक वेळ सोसलं असतं. पण माझी आई मी एका बाईच्या पदरात घातली होती आणि तो पदर त्याचा होता. त्याचं वाटोळं होवो, असं मी रोज भांडी घासताना मोठ्यानं म्हणत होते.

एका रविवारी मी दुखवट्याला जातात तशी फिकी साडी नेसले, नवऱ्याला टोपी घालायला लावली आणि आम्ही नायगाव गाठलं. मोंढ्याच्या मागं घर लगेच सापडलं. म्हातारी दारातच होती.

"या, या. स्थळ घेऊन आलात का?" ती हरखली. "लई दिवस झाले पोरगी बघून राहिलो. बसा, पोरगा भाजी आणायला गेलाय." आणि तिनं लगबगीनं चहा ठेवला.

कपबशी हातात आल्यावर मी म्हणाले, "स्थळाचं न्हाई, मावशी. आम्ही भेटायला आलोत. त्यांच्या आई भूकंपात गेल्या, ते आम्हाला उशिरा कळलं."

"कुणाची आई?"

"तुमच्या पोराची. त्यांनीच सांगितलं. भिंतीखाली गेल्या म्हणाले. घरात जे कुणी असंल त्यांना भेटावं म्हणून आलो. तुम्ही त्यांच्या कोण?"

तिनं हातातली चहाची गाळणी खाली ठेवली. मग एवढंच विचारलं, "कशापायी मारलं असंल त्यानं मला?"

नवऱ्यानं माझ्या हाताला हात लावला, आता पुरे म्हणून. मला पुरे नव्हतं. "बायांना दया यावी म्हणून, मावशी," मी म्हणाले. "त्यांची आई मेली म्हटलं की बाया जवळ येतात. मीही आले होते."

तेवढ्यात तो भाजीची पिशवी घेऊन दारात आला आणि आम्हाला बघून जागीच थिजला. म्हातारी उठली नाही.

"ये," ती म्हणाली. "माझ्या मौतीला पाव्हणे आलेत. सांग त्यांना, मी कशी मेले ते."

आम्ही चहा पूर्ण पिऊनच उठलो.