चिंचेने घासलेला उंदीरमाऱ्या

रेवदंड्याला खाडी ओलांडायच्या तरीत चढताना माझी एक चप्पल चिखलात गेली ती गेलीच. पलीकडची मोटार तासभर आली नाही. मुरुडला उतरलो तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं होतं.

मला नाद नेत्सुक्यांचा. जुन्या जपानी पोशाखाला खिसे नसत. थैली दोरीने कमरपट्ट्याला अडकवायची आणि ती घसरू नये म्हणून दोरीच्या टोकाला कोरीव हस्तिदंती गुंडी लावायची. तीच नेत्सुके. त्यातही मला विनोदीच लागतात. मुरुडच्या फातिमाबींकडे तसं एक असल्याचं एका स्नेह्याने पाहून सांगितलं होतं. त्यांच्या खलाशी नवऱ्याने ते जपानच्या कोबे बंदरातून आणलं होतं. काठी उगारून समोर डोळे वटारणारा उंदीरमाऱ्या, आणि उंदीर बसलाय त्याच्याच पाठीवर! रंग म्हणे जुन्या मधासारखा. मी लगेच पोस्टकार्ड टाकलं: ‘वस्तू स्वच्छ असेल तरच घेईन.’ सौद्यात पहिल्यापासून ताठ राहिलेलं बरं.

फातिमाबी सत्तरीच्या, हसतमुख. नारळाच्या दुधाबरोबर सांदण (तांदळाच्या रव्याचे वाफवलेले गोड वडे) खायला घातलं आणि मग रुमाल उलगडला.

आत चुन्यासारखा पांढराफटक उंदीरमाऱ्या! मधाचा रंग गेलेला, कोरीव रेघांतली काळी शाई गेलेली.

“अहो, हे काय केलंत?”

“चिंच नि राख लावून घासला. मेहमान येनार म्हनून भांडी काढली, त्यात ह्यालापन घेतला. दोन दिस लागले.”

“सत्यानाश केलात! दीडशे वर्षांचा रंग होता तो! भांडं आहे का हे?” मी चक्क ओरडलो. परक्याच्या घरी, त्यांचंच सांदण पोटात असताना.

“तुमच्याच कार्डात होता, चीज साफ पायजे. साळंच्या मास्तरानं दोनदा वाचून दाखवला.”

“साफ म्हणजे बिनतड्याची, घासून काढलेली नव्हे!”

“मग तसा लिवायचा होता.” त्यांनी शांतपणे रुमालाला गाठ मारली. “घरवाला म्हनायचा, ह्याला बघून रोज एकदा हसायचा. माझ्यामागं कोन हसेल, म्हनून देत होते. तुमी तर एकदापन हसलात न्हाय. न्हाय देनार मी. सांदण बांधून देते, घेऊन जा.”

परतताना खाडीच्या अलीकडे साळावला तरीत बसेपर्यंत मी धुमसत होतो. त्या बाईला घासायला सांगितलं कुणी? कुणी? आणि कार्डावरचं माझंच अक्षर डोळ्यांपुढे आलं. ‘स्वच्छ’खाली दोन रेघा मीच ओढल्या होत्या. उंदीर माझ्याच पाठीवर! मला असं हसू फुटलं की तरीवाला वल्हं मारायचा थांबला.

“काय झाला, दादा?”

“होडी मागे वळव. मुरुडला जायचंय.”

“आता न्हाय हो. भरती उतरली. हीच शेवटची फेरी.”

घरी काचेच्या कपाटात माझी सतरा नेत्सुके आहेत, सगळी विनोदी. त्या रात्री दिवा लावून एकेक हातात घेतलं. रंग पाहिला, रेघा पाहिल्या, तडे मोजले. हसू काही आलं नाही. बायकोला मात्र सांदण फार आवडलं.