मावशीचे हात

नव्वदच्या दशकात मी पहिला माहितीपट केला तो पेणजवळच्या जोह्याच्या गणपती कारखान्यांवर. मुंबईहून कॅमेरा भाड्याने आणला आणि मुक्काम टाकला सख्ख्या मावशीकडे. ती तिथल्याच एका कारखान्यात मूर्ती रंगवायची. शूटिंगच्या दिवशी बाई लग्नातली नथ घालून हजर. रंगकामाला नथ! मी मनातून चिडलो, पण काढ म्हणायची हिंमत झाली नाही. काम करताना ती मधूनमधून ऐटीत कॅमेऱ्याकडे बघायची.

एडिटिंगला बसल्यावर ती नथ आणि ती नजर मला खुपायला लागली. मला 'खरं' काम दाखवायचं होतं ना! दीडशहाणा मी. मावशीचे नुसते हात ठेवले, सोंडेवरून ब्रश फिरवणारे. जाणकारांनी त्या हातांची वाहवा केली आणि मी हुरळून गेलो.

फिल्म टीव्हीवर लागणार होती त्या दिवशी पेणहून एसटी पकडून जोह्याला गेलो, कौतुक ऐकायला. मावशीने अख्खी आळी घरात गोळा केली होती. टीव्हीला हळदकुंकू वाहिलेलं, नथ पुन्हा नाकात. ती काय बघायला बसली आहे हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. हात आले, गेले. फिल्म संपली.

"गो, तू कुठं व्हतीस?" शेजारीण हसली.

"ते हात माझेच नाय का?" मावशी म्हणाली. "मीच बोलली याला, तोंड नको घेऊ. मला लाज वाटते."

नथ काढून ती चहा टाकायला गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मला सांभाळून घेतलं होतं आणि मी खाली मान घालून तिचाच चहा पीत होतो.

पुढे मी चित्रपटही केले, नट्यांचे चेहरे पडदाभर दाखवले. एकदा रोह्याला शूटिंग होतं, तिथून कॅमेरा घेऊन मुद्दाम मावशीकडे गेलो. तिला अंगणात बसवलं. आज फक्त तिचा चेहरा घ्यायचा, असं ठरवूनच आलो होतो.

कॅमेरा लावेपर्यंत तिने पदराने हात स्वच्छ पुसले, माझ्यासमोर धरले आणि मान बाजूला वळवली. टोमणा असता तर बरं झालं असतं. तिने अगदी काळजीने विचारलं, "माझं तोंड मधी येत नाय ना रे?"